वय बारा

"बेबीचं वय?" ईसीजीवालीने कळफलकावर बोट ठेवून वहिनीला विचारलं.

"घाला बारा! कोण नाही म्हणणारे?" वहिनी खिदळली. घरातला जुनाच विनोद. ईसीजीवालीने खरंच बारा घातले. डॉक्टरांची चिठ्ठी तिने उघडलीसुद्धा नव्हती.

नणंद खाटेवर छाती उघडी टाकून पडली होती. चादरीवर आधीच्या कुणाचे तरी केस. छातीला लावायच्या रबरी गोळ्यांना आधीच्या कुणाची तरी चिकट जेल. तिला शिसारी आली. वय चौतीस, उंची सव्वाचार फूट, टर्नर सिंड्रोम. जन्मतःच एक गुणसूत्र कमी. देवाने देह दिला तो एवढाच. त्याचं तिला कधी दुःख नव्हतं. किळस यायची ती या लाडाची. गालगुच्च्यांची, बोबड्या बोलांची, पाहुण्यांसमोर 'आमची छकुली' म्हणून पुढे ढकलण्याची. तरी ती गप्प बसायची. घरात राहायचं तर होतं!

महिन्याभरात दोनदा ती छापखान्यात प्रूफं वाचता वाचता कोसळली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "टर्नरमध्ये हृदयातल्या विजेची वाटही बिघडू शकते. ईसीजी चांगला आला तर घरी जा. नाहीतर आजच भरती."

कागद सरकत बाहेर आला. वरच छापलं होतं : नॉर्मल.

"शहाणं गं बाळ!" ईसीजीवालीने तिच्या मनगटावर हसऱ्या सशाचं स्टिकर चिकटवलं.

"बघ, उगीच जिवाला घोर लावलास," वहिनीने पर्स उचलली. "चल छकुले, आइस्क्रीम देते."

बटणं लावता लावता नणंदेने कागद सवयीने पहिल्या ओळीपासून वाचला. नाव बरोबर. तारीख बरोबर. वय : १२.

"हे दुरुस्त करा. चौतीस."

"अगं, गंमत केली मी..." वहिनी मध्येच म्हणाली.

"करा."

"मशीन लहान मुलांना वेगळं माप लावतं," पुटपुटत ईसीजीवालीने आकडा बदलला. ठोके तेच, रेघ तीच. नव्या कागदावर मात्र ठळक अक्षरं उमटली : ईसीजी असामान्य. तातडीने हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

ईसीजीवाली ताडकन उठली.

"ताई, उठू नका. जिना तर नकोच. व्हीलचेअर मागवते. भरतीच्या सहीला कुणी मोठं माणूस आहे ना?"

वहिनी पुढे सरसावली. नणंदेने मनगटावरचा ससा सोलला, वहिनीच्या पर्सवर दाबून बसवला.

"नाही," ती म्हणाली. "मोठी मी एकटीच आहे."