एकट्या मोज्यांचं टेबल
हातमोज्यांच्या कारखान्यात एक मोजा तपासणीत नापास झाला की त्याचा धडधाकट जोडीदारही भंगारात जायचा. पॅकिंगवाल्या ताईला ते बघवेना. तिच्या भावाला एकच हात होता. “साहेब, हे एकटे मोजे विकूया. मी बघते सगळं.” “ताई, एकच मोजा कोण घेणार? लोक हसतील!” “हसू द्या. हसून झालं की घेतील.” साहेबच हसले. “महिनाभर बघा करून. नाही चाललं, तर गुपचूप पॅकिंगला परत.” ताईनं कोपऱ्यात टेबल मांडलं, जाहिरात दिली. महिना सरला, फोन मुकाच. साहेब टेबल उचलायला आले, तेवढ्यात फोन खणखणला. पलीकडचा माणूस चाचरत होता, “म्हणजे… माझा उजवा हात… मशीनमध्ये…” “दादा, ते नका सांगू,” ताई म्हणाली. “डावा पाहिजे ना? लाल देऊ की निळा?” साहेब टेबल सोडून डावे मोजे धुंडाळू लागले.