मंत्रीसाहेबांची कोनशिला

"मंत्रिपद जातं, माणूसही जातो, पण दगडात कोरलेलं नाव कोणाच्या बापाला पुसता येत नाही!"

माजी आरोग्यमंत्री मनोहरराव महाल पेठेतल्या आपल्या घराच्या ओसरीत बसून हे रोज सकाळी जाहीर करत. अठ्ठ्याहत्तरची निवडणूक हरल्यापासून श्रोता एकच उरला होता, दाढी करायला येणारा न्हावी. आणि तोही दाढी होईपर्यंतच.

त्या दिवशी मात्र रामटेककडच्या एका खेड्यातून पंचफुला नावाची म्हातारी आली.

"मंत्रीसाहेब, तुमी आमच्या गावात दवाखान्याचा दगड बसवला होता ना, तो अजून हाये जी."

"ऐकलंस?" साबण लागलेल्या तोंडानेच मनोहररावांनी न्हाव्याला विचारलं. "बारा वर्षं झाली! नाव दिसतं का हो बाई, त्यावरचं?"

"दिसते ना जी. त्याच्याचसाठी तं आली."

मनोहररावांनी खूश होऊन आत चहा सांगितला.

"दवाखाना काही झाला नाही," म्हातारी म्हणाली. "चौथरा ढासळला, दगड आडवा पडला. गावात सपाट दगड तेवढाच. माणूस मेलं का त्याच्यावरच निजवून आंघोळ घालतो. परवा माह्या लेकीले घातली. बाळंतपणात अडली होती. बैलगाडी रामटेकले पोचलीच नाही."

न्हाव्याचा वस्तरा गालावरच थांबला.

 

"अक्षरं लई खोल हायेत जी, पोरीच्या पाठीले रुतत होते. तेवढं नाव घासून देता का?"