ठेंगू हसत नाही

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने तोंडातली कवळी काढली, नेम धरला आणि भिरकावली. हेलिकॉप्टर गिरक्या घेत खाली आलं. शिंपी हसून हसून बेजार झाला. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना.

"अरे बघ की! कवळीने हेलिकॉप्टर पाडलं!" त्याने शेजारच्या ठेंगूला कोपराने ढोसलं.

ठेंगू हसला नाही. नुसती मान हलवली.

शिंप्याचा जीव तुटला. एवढ्या धमाल सिनेमाला हा माणूस हसत नाही म्हणजे दुखणं पार डोक्यात भिनलं. स्वतः शिंपी तर रोज बघत होता, तरी त्याला एकेक जोक नवाकोरा वाटायचा. सिनेमा असावा तर असा! सरकारी मारेकरी निवृत्त होतात आणि कंटाळा आला म्हणून पुन्हा कामाला लागतात, एवढीच गोष्ट. पण व्हीलचेअरला रॉकेट काय, विणायच्या सुयांनी गुंड लोळवणारी आजी काय, नुसता धुमाकूळ. आणि हसायचा हक्क या दोघांइतका कुणाला होता? दोघांनी उभी नोकरी तेच काम केलं होतं. कागदोपत्री दोघे पाणीपुरवठ्याचे निरीक्षक. शिंप्याचं काम इतकं बेमालूम की शिवण दिसायची नाही, म्हणून तो शिंपी. दुसरा ताडमाड उंच, म्हणून ठेंगू. खात्याला विनोद तेवढाच जमायचा.

आता दोघे एकाच वृद्धाश्रमात होते, खोलीला खोली लागून. ना बायको, ना पोरंबाळं. एकमेकांना धरून चाललं होतं.

मग एके दिवशी खात्याचा साहेब आला आणि ठेंगूच्या खोलीत दार लावून बसला. तो गेल्यावर ठेंगू पांढराफटक पडला होता.

"आपल्यातला एक जण जेवणाच्या टेबलावर जुनी कामं सांगत बसतो म्हणे," एवढंच तो बोलला.

एक जण म्हणे! स्वतःचं नाव घ्यायची लाज वाटली असणार बिचाऱ्याला. शिंपी काय ते समजला. बडबडणाऱ्या माणसाचं खातं काय करतं, हे दोघांनाही पुरतं ठाऊक होतं.

त्यातून ही सिनेमाची युक्ती निघाली. रोज दुपारी ठेंगूला हाच सिनेमा दाखवायचा. मग तो काहीही बरळला तरी लोक म्हणणार, म्हातारा सिनेमा बघून आलाय, सोडा. खात्याचीही खात्री पटली की ठेंगू वाचला. तिकिटं ठेंगूच काढायचा, रस्ता ओलांडताना हात धरायचा. शिंपी त्याला धरू द्यायचा. तेवढंच माणसाला बरं वाटतं.

आज साहेब स्वतः खात्री करायला आला होता. मागच्याच रांगेत बसला होता.

पडद्यावर म्हातारा एका बँकवाल्याला बाथटबमध्ये बुडवायला बघत होता. आरसे फुटत होते, पाणी छताला लागत होतं, लोक खिदळत होते. तेवढ्यात अंधारात खणखणीत आवाज आला.

"हॅट्! असं कुठे असतं? एवढी झटापट झाली तर पोलीस काय डोळे मिटून बसतील? त्या संपादकाला आम्ही बाळासारखं अलगद पाण्यात बसवलं होतं. एक थेंब बाहेर नाही!"

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. हा रोग त्याला चांगला माहीत होता. जन्मभर ज्या कामाला कुणाची शाबासकी मिळाली नाही, ते कुणी चुकीचं करून दाखवलं की तोंड आवरत नाही. त्याने ठेंगूचा दंड घट्ट धरला.

"गप रे बाबा, गप! तुझ्या पाया पडतो."

ठेंगूने आपला भलामोठा पंजा त्याच्या हातावर ठेवला आणि थोपटत राहिला.

खेळ सुटल्यावर साहेब पायऱ्यांवर उभा होता. शिंप्याने हात जोडले.

"साहेब, सिनेमातलं बोलतो हो तो. मनावर घेऊ नका."

"सिनेमात संपादक नव्हता," साहेब म्हणाला. तो ठेंगूकडे बघत होता.

"अजून थोडे दिवस द्या, साहेब." ठेंगू काकुळतीला आला.

"दिले होते. आज उरका. नाहीतर मला बाहेरचा माणूस पाठवावा लागेल."

पुढचं सांगायची गरज नव्हती. खात्याचा रिवाजच होता तो. जोडीदाराचं काम जोडीदाराने करायचं, परक्याचा हात लागू द्यायचा नाही.

"करतो, साहेब," शिंपी पुटपुटला. शेजारी ठेंगूही तेच पुटपुटला. आपण कशाला हो म्हणतोय हेही कळेना गड्याला! शिंप्याला भडभडून आलं.

आश्रमात परतल्यावर तो ठेंगूच्या खोलीत गेला. ठेंगू खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. उन्हं अजून उतरायची होती, बागेत कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. शिंप्याने हात उचलले. ते पुढे जाईनात. कधी म्हणून अडले नव्हते ते हात. हा एकच माणूस उरला होता त्याला जगात. तो मटकन पलंगावर बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

"नाही जमायचं मला, ठेंगू. चल, पळून जाऊ. आत्ताच्या आत्ता. मिळेल त्या बसमध्ये बसू, वाटेल तिथे उतरू. मी सांभाळीन तुला."

ठेंगूने खिडकीचा पडदा ओढला. मग त्याच्या मागे येऊन बसला, लहान पोराला घ्यावं तसं त्याला छातीशी घेतलं आणि एक हात हळूच त्याच्या गळ्याभोवती घातला.

"पळालो होतो की रे परवा," ठेंगू हात आवळत म्हणाला. "तू कंडक्टरला सगळं सांगितलंस."