पाठीवरचं निळं बटण

"यंत्र मी बंद केलं नाही, सर," मी पुन्हा म्हणाले. दाभाडे सरांनी मान वर केली नाही. अंटार्क्टिकातल्या आमच्या तळावर टाकीचं पाणी गार ठेवणारं यंत्र कुणीतरी बंद केलं होतं आणि समुद्री साळिंदरांची सगळी पिल्लं मेली होती. त्या रात्री टाकीवर लक्ष ठेवायची पाळी माझी होती.

बाहेर हेमांगीने मला जवळ घेतलं. "होतं गं असं. मी टाकीच्या खोलीत पाऊलही टाकलं नाही, नाहीतर तुझ्या बाजूने बोलले असते." मला रडू फुटलं. इथे तीच एक माझी होती.

मी टाकीपाशी गेले. मोठी साळिंदरं जिवंत होती. ही लिंबाएवढी काटेरी जनावरं लपण्यासाठी मिळेल ते पाठीवर घेतात. म्हणून मी तळाशी शिंपल्यांचे तुकडे टाकून ठेवते. एकाच्या पाठीवर मात्र निळं बटण होतं, भोकांत लाल दोरा. हेमांगीच्या जॅकेटचं. थंडीने तिची बोटं वळत नव्हती, म्हणून मीच लावून दिलेलं. निळा दोरा संपला होता. यंत्राचा स्विच टाकीच्या मागे आहे, टाकीवर ओणवं व्हावं लागतं. आणि यंत्राच्या घरघरीत शेजारच्या खोलीतून घरच्यांशी फोनवर बोलता येत नाही, ही तिची रोजची तक्रार.

जेवताना तिने माझ्यासाठी जागा धरली होती. "सरांशी बोलले मी," ती हळूच म्हणाली. "माफ करतील तुला."

मी ओलं बटण तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

"जॅकेट दे. लाल दोरा अजून आहे माझ्याकडे."