पाहुण्यासारखा चेहरा

"आणि हा?" बायकोने पुढचा फोटो टेबलावर ठेवला.

तो वाकला. वाळूत फतकल मारून बसलेली मुलगी, ओला फ्रॉक, मांडीवर फुटकी बादली. पुढचा एक दात पडलेला.

"समुद्रावरचा. ठकू सहा वर्षांची. बादली फुटली म्हणून तिने भोकाड पसरलं, आणि मी... मी बुटात पाणी भरून आणून दिलं."

"कुठल्या बुटात?"

"डाव्या."

"बाबा पास!" समोर बसलेल्या ठकूने टाळ्या पिटल्या. आता ती आठ वर्षांची होती आणि दात केव्हाच आला होता.

"गप गं. अजून नऊ राहिलेत," बायको म्हणाली. "त्यांचं त्यांना आठवू दे."

अपघातानंतर दवाखान्यात जाग आली, तेव्हा त्याच्या खिशात काही नव्हतं आणि डोक्यातही. आरशातला माणूससुद्धा अनोळखी. तीन आठवडे तो नुसता कोपऱ्यातल्या खाटेवरचा पेशंट होता. मग एका दुपारी ही बाई आली. त्याच्या कपाळावरून हात फिरवून नर्सला म्हणाली, "हेच." तिने पिशवीतून फोटोंचा गठ्ठा काढला. ठकू "बाबा" म्हणून त्याला बिलगली आणि नर्सने डोळे पुसले.

मोबाइल अपघातात गेला होता. "कागदावर काढून ठेवले म्हणून हे तरी वाचले," बायको म्हणायची. "नाहीतर आम्ही तुमच्या कोण, ते कशावरून दाखवलं असतं?"

तेव्हापासून पाच महिने, रोज सकाळी न्याहारी झाली की फोटो. त्यांचे कोपरे मऊ पडले होते. एकावर कुणाचं तरी तेलकट बोट उमटलं होतं. प्रत्येकाच्या पाठीवर बायकोच्या बारीक अक्षरात तारीख.

सुरुवातीला त्याने विचारलं होतं, "यात मी कुठेच कसा नाही?"

"अहो, काढणारे तुम्हीच! काढणारा फोटोत कसा येईल?" ती हसली होती. "किती वेळा म्हटलं, एखादा तरी स्वतःचा काढून घ्या. तर म्हणे, माझं तोंड कोण बघतंय!" मग तिने ठकूच्या चेहऱ्याखाली बोट ठेवलं. "ही बघा कशी हसतेय. यंत्राकडे बघून कुणी असं हसतं का?"

त्या दिवसापासून तो फोटोतले डोळे बघत बसायचा. पाळण्यातली ठकू, गालाला भात लागलेली ठकू, शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तराखाली दबलेली ठकू. प्रत्येक वेळी ती त्याच्याकडे बघून खुलली होती आणि त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटायची. मग तो आणखी नेटाने पाठ करायचा. आता खरंच बुटातलं पाणी त्याच्या बोटांना गार लागत होतं.

कधीकधी भलतंच काही वर यायचं. हिरवा दरवाजा. आतून कुणीतरी शीळ घालतंय.

"आपलाच दरवाजा," बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "नंतर रंग बदलला."

"आणि शीळ?"

"माझा भाऊ. एक मिनिट तोंड बंद नसायचं त्याचं."

त्याचा जीव भांड्यात पडला.

त्याला एकच गोष्ट हवी होती: या गठ्ठ्यात आपलाही एक फोटो असावा, तिघांचा. बायकोची अट होती की आधी सगळे फोटो न अडखळता सांगायचे. "तोपर्यंत नको. चेहरा पाहुण्यासारखा येतो," ती म्हणायची.

राहिलेल्या नऊपैकी आठ बरोबर आले. शेवटचा तिने जरा थांबून ठेवला. खिडकीशी ती स्वतः, पोटावर हात, कपाळाला आठ्या.

"ठकू व्हायच्या आधीचा. तू म्हणालीस, मी ढोल दिसतेय, नका काढू. मी म्हटलं, फोटो दोघींचा आहे, तू एकटीने तक्रार करू नकोस."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. मग तिने फोटोंचा गठ्ठा आवरून ठेवला.

"चला," शेवटी ती म्हणाली. "तो निळा शर्ट घाला."

कोपऱ्यावरच्या स्टुडिओतला म्हातारा फोटोग्राफर त्यांना बघून खूश झाला. "कागदावरच्या फोटोला हल्ली येतं कोण! सगळं मोबाइलमध्ये कोंबतात आणि मोबाइलबरोबर हरवून बसतात."

"म्हणूनच आलो," बायको म्हणाली.

"साहेब, खांदे सैल सोडा की! बायकोशेजारी उभे आहात, दातांच्या डॉक्टरकडे नाही."

ठकू खिदळली. तोही हसला. तेवढ्यात दिवा लखकन चमकला.

यंत्रातून निघालेला फोटो अजून कोमट होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. मधे ठकू, एका बाजूला बायको, दुसरीकडे निळ्या शर्टातला तो. पाहुणा नव्हे. घरचा माणूस, सहज उभा. परत येताना त्याने फोटो बायकोलाही धरू दिला नाही.

घरी पोचल्यावर ती खिळा शोधायला आत गेली. तो सोफ्यावर टेकला. ठकू त्याच्या कुशीत शिरली आणि फोटोतल्या त्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवून बघत राहिली.

"बाबा, एक सांगू? आईला सांगायचं नाही हं."

"नाही सांगत."

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "तूच सगळ्यांत छान आहेस. आधीचे दोघं सारखं घरी जायचं म्हणायचे."