दोन बोटं माया

“शिवणीत माया सोड गं, अंग कधी एका मापाचं राहतं का?” चोळी हातात घेताना यमुनाताईंना त्यांना शिवण शिकवणाऱ्या बाईंचा आवाज आठवला.

ही चोळी यमुनाताईंनीच शिवलेली, अशा फक्त बारा खास चोळ्यांतली एक. समोर उभ्या मृणालच्या आईने, हे जग सोडण्याआधी लेकीला घेऊन दिलेली. आता ती मृणालला घट्ट होत होती. पण प्रत्येक चोळीचं डिजिटल टोकन, म्हणजे फोनवरचा मालकीचा दाखला, तिच्या मूळ कापडाशी बांधलेलं. बाहेरची चिंधी जोडली की मालकी पुसली जायची.

“काय खातेस गं एवढं?” म्हणत ताईंनी शिवण उसवली, आत राखलेली दोन बोटं माया मोकळी केली, नवे टाके घातले.

मृणालने भीतभीत फोन पाहिला. टोकन शाबूत होतं.

“हुश्श!” तिने चोळी उराशी धरली. “ताई, खाण्याने नाही हो. दिवस गेलेत मला. मागच्या वेळी बाळ गमावल्यानंतर सांगायचा धीरच होत नव्हता.”