शेततळ्यातला बाप्तिस्मा

कवठे महांकाळच्या त्या माळावर नदी नाही आणि ओढा कोरडा. म्हणून फौजेतून निवृत्त होऊन नुकत्याच गावी आलेल्या नाथाजीनं घरच्या शेततळ्यातच बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. "आता तू आमचा न्हाईस," एवढं म्हणून धाकट्या भावानं, वीरधवलनं, त्याच्याशी बोलणं टाकलं. तरी आज तो आला होता, पण लांब बांधावर पाठ फिरवून उभा राहिला.

पाण्यात उतरताना नाथाजी पास्टरांना म्हणाला, "आवं, बाकी सगळं पटलं. पर माणसानं स्वतः कायबी न करता नुसत्या विश्वासावर तारण, म्हंजी मुक्ती, मिळतंय, हे तेवढं पटंना."

"पटेल हळूहळू," असं म्हणून पास्टरांनी त्याला पाण्याखाली नेऊन वर आणलं. काठावरच्या बाया गाणं म्हणू लागल्या.

मग दोघं वर चढू लागले. शेततळ्याच्या उतारावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं होतं. नाथाजी दोन पावलं चढला आणि घसरत पुन्हा पाण्यात गेला. परत चढला, परत घसरला. पास्टर तर छातीभर पाण्यातच अडकले. गाणं थांबलं.

तेवढ्यात नाथाजीच्या पुढ्यात दोराचं टोक येऊन पडलं. काठावर वीरधवल पाय रोवून उभा होता.

"दोर कुठला रं हा?"

"घरनं निघतानाच घेतलाय. ह्यातनं आपलं आपण वर येता येत न्हाई कुणाला. तू काय करू नगंस दादा, नुसता धरून ऱ्हा. वढायचं मी बघतो."